पवनचक्कीचा आवाज वस्तीपर्यंत किती पोहोचेल: हिशेब कसा होतो आणि कुठे घसरतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. वस्तीतल्या शेवटच्या घरापासून ८०० मीटरवर पवनचक्की उभी राहणार आहे. हबची (पाती जिथे जोडलेली असतात त्या मध्यभागाची) उंची १०० मीटर, उत्पादकाने दिलेली ध्वनिशक्ती पातळी, म्हणजे यंत्रातून एकूण बाहेर पडणारा आवाज, १०६ डीबी(ए) (कानाला कमी ऐकू येणाऱ्या वारंवारतांना कमी भार देऊन मोजलेले डेसिबल). अहवालात त्या घरापाशी आवाज ३१ डीबी(ए) राहील असे लिहिले आहे. हा आकडा कसा काढतात आणि त्यावर किती विसंबून राहायचे?

आधी निष्कर्ष सांगतो, मग त्याची फोड करतो. हीच पवनचक्की, हेच अंतर आणि हेच मानक घेऊन ३१.४ असे उत्तर येते, आणि ३७.६ असेही येते. दोन्हीकडे बेरीज-वजाबाकी बिनचूक असते. सहा डेसिबलचा हा फरक पडतो तो जमीन कशी मानली, ऐकणाऱ्याचा कान किती उंचीवर धरला आणि अनिश्चिततेसाठी किती भर घातली यावरून. म्हणून अहवालातला शेवटचा आकडा वाचण्याआधी गृहीतकांचा तक्ता वाचायचा. तो तक्ताच नसेल तर अहवाल परत पाठवायचा.

सुरुवात स्रोतापासून करू. ध्वनिशक्ती पातळी आयईसी ६१४००-११ या मानकाप्रमाणे मोजतात. मायक्रोफोन पवनचक्कीच्या मागे, म्हणजे वारा तिच्यावरून ज्या बाजूला वाहत जातो त्या बाजूला (‘वाऱ्याखाली’) ठेवतात. अंतर हबची उंची अधिक रोटरचा (फिरणाऱ्या पात्यांच्या चक्राचा) निम्मा व्यास; १०० मीटर हब आणि १२० मीटर रोटर असेल तर १६० मीटर. मायक्रोफोन जमिनीवर ठेवलेल्या साधारण एक मीटर व्यासाच्या कडक फळीवर आडवा असतो. फळीमुळे ध्वनिदाब दुप्पट होतो, म्हणून ६ डीबी वजा करतात आणि मग अंतराचा हिशेब उलटा करून हबपाशी एक बिंदू-स्रोत मानला तर त्याची शक्ती किती हे काढतात. ही शक्ती ‘भासमान’ असते: ती वाऱ्याखालच्या दिशेपुरती खरी. रोटरच्या प्रतलात, म्हणजे कडेच्या बाजूला, सरासरी पातळी याहून काही डेसिबल कमी असते, पण तिथे आवाजाचा चढउतार जास्त जाणवतो. वस्तीचा हिशेब वाऱ्याखालच्या दिशेनेच करायचा असल्याने हा आकडा कामाला योग्य आहे.

इथे पहिली मोठी चूक होते ती वाऱ्याच्या वेगाच्या संदर्भाची. मानकाच्या जुन्या आवृत्तीत आवाजाचे आकडे १० मीटर उंचीवरच्या वेगाला बांधलेले असत. २०१२च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ते हबच्या उंचीवरच्या वेगाला, अर्ध्या मीटर प्रति सेकंदाच्या टप्प्यांत दिले जातात. एकाच तक्त्यात जुने आणि नवे आकडे सरमिसळ झाले की सगळा आलेख सरकतो. प्रमाणित गृहीतकात (जमिनीचा खडबडीतपणा ०.०५ मीटर) १० मीटरवरचा वेग १०० मीटरवर १.४३ पट होतो. म्हणजे ‘७ मीटर प्रति सेकंद’ असे नुसते लिहिलेले असेल तर ते हबवरचे ७ की हबवरचे १०, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी गोष्ट, दिलेला आकडा सरासरी आहे की जाहीर केलेला. आयईसी ६१४००-१४ प्रमाणे जाहीर पातळीत सरासरीवर प्रमाण विचलनाच्या १.६४५ पट भर घातलेली असते. भर आधीच घातली असेल तर ती पुन्हा घालायची नाही, घातली नसेल तर घालायचीच. उत्पादकाच्या कागदावर ‘हमी’, ‘अपेक्षित’, ‘मोजलेली’ असे वेगवेगळे शब्द असतात. कोणता आकडा उचलला हे अहवालात स्पष्ट लिहिलेले हवे.

तिसरी गोष्ट पात्यांची. बहुतेक आवाज पात्याच्या बाहेरच्या भागाच्या मागच्या कडेवर, हवेचा खळबळता थर कड सोडतो तिथे तयार होतो. त्याची तीव्रता टोकाच्या वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढते, त्यामुळे टोकाचा वेग दहा टक्के कमी केला की सुमारे २.३ डीबी उतरतात. आवाज कमी ठेवणारे चालनप्रकार याच तत्त्वावर चालतात आणि त्याची किंमत वीजनिर्मितीत मोजावी लागते. मागच्या कडेला करवतीसारखे दाते बसवले तर साधारण २ ते ३ डीबी मिळतात. अहवालात दात्यांसह मोजलेला आकडा वापरला असेल, तर प्रत्यक्ष येणाऱ्या पात्यांना दाते आहेत याची लेखी खात्री हवी. खरेदीच्या वेळी मॉडेल बदलते, आणि अहवाल जुन्याच मॉडेलचा राहतो, हे सर्रास घडते.

आता प्रसाराचा हिशेब. जगभर यासाठी मुख्यतः आयएसओ ९६१३-२ वापरतात. १९९६ची आवृत्ती अजूनही बऱ्याच ठिकाणी चालू आहे. २०२४च्या सुधारित आवृत्तीत पवनचक्क्यांसाठी स्वतंत्र परिशिष्ट आले आहे. सूत्र सोपे आहे: प्रत्येक ऑक्टेव्ह पट्ट्यातल्या (वारंवारतेचा असा पट्टा, ज्याचे वरचे टोक खालच्याच्या दुप्पट असते) ध्वनिशक्तीतून चार घटी वजा करायच्या. अंतराने होणारा विस्तार, हवेतले शोषण, जमिनीचा परिणाम आणि अडथळा. ६३ ते ८००० हर्ट्‌झपर्यंतच्या आठ पट्ट्यांचे निकाल शेवटी ऊर्जेच्या हिशेबाने मिळवायचे.

प्रश्नातल्या पवनचक्कीचे गणित करून दाखवतो. वर्णपट (कोणत्या वारंवारतेला किती आवाज याचा तक्ता) उदाहरणापुरता घेतला आहे, पण या आकाराच्या यंत्राला शोभेल असा. ए-भारित ध्वनिशक्ती ६३ हर्ट्‌झला ८७, १२५ला ९४, २५०ला ९८, ५००ला १००.५, १०००ला १००.५, २०००ला ९८, ४०००ला ९२ आणि ८०००ला ८०. यांची ऊर्जेने बेरीज १०६.० येते. ही बेरीज दरवेळी करून पाहावी. ती जाहीर आकड्याशी जुळत नसेल तर वर्णपट दुसऱ्याच वेगाचा आहे किंवा त्यावर ए-भार लावलेला नाही. भार न लावलेला वर्णपट भारित समजून घातला किंवा भारित वर्णपटावर पुन्हा भार लावला, तर उत्तर पार वाहून जाते: ए-भार ६३ हर्ट्‌झला −२६.२ आणि १२५ हर्ट्‌झला −१६.१ डीबी असतो.

कानाची उंची ४ मीटर धरू. तिरके अंतर ८०६ मीटर. विस्ताराची घट म्हणजे २० × लॉग(८०६) + ११ = ६९.१ डीबी, सर्व पट्ट्यांना सारखी.

हवेतले शोषण तापमान आणि आर्द्रतेवर अवलंबून असते. १० अंश सेल्सिअस आणि ७० टक्के आर्द्रतेला दर किलोमीटरला २५० हर्ट्‌झवर १.०, ५००वर १.९, १०००वर ३.७, २०००वर ९.७ आणि ४०००वर ३२.८ डीबी. १५ अंश आणि २० टक्के आर्द्रतेच्या कोरड्या हवेत १००० हर्ट्‌झला हेच शोषण ८.२ होते. कोणी ‘इथली हवा कोरडीच असते’ म्हणून दुपारचे आकडे घालून एक-दोन डीबी कमी करून घेतो. दुपार हा तक्रारीचा वेळ नव्हे. रात्रीची, दमट, शांत हवा धरूनच हिशेब करावा; म्हणून १० अंश आणि ७० टक्के ही जोडी रूढ झाली आहे.

जमिनीचा परिणाम हाच या सगळ्यातला निसरडा भाग. मानकात जमिनीचा मऊपणा जी या गुणांकाने देतात: दगड, पाणी, फरसबंदी म्हणजे ०, गवत, शेत, भुसभुशीत माती म्हणजे १. मार्गाचे तीन भाग पाडतात. स्रोताजवळचा (स्रोताच्या उंचीच्या ३० पट), ऐकणाऱ्याजवळचा (त्याच्या उंचीच्या ३० पट) आणि मधला. १०० मीटर हब आणि ४ मीटर कान घेतला तर ३० × १०४ म्हणजे ३१२० मीटरपर्यंत मधला भाग उरतच नाही. स्रोत इतका उंच असल्यावर त्याच्या बाजूचा ‘मऊ जमिनीचा’ परिणामही जवळपास नाहीसा होतो. म्हणजे जमिनीमुळे मिळणारी घट जवळजवळ सगळी ऐकणाऱ्याच्या पायाखालच्या थोड्याशा पट्ट्यातून येते. हे सूत्र बसवले गेले ते जमिनीलगतच्या कारखानी स्रोतांसाठी, आणि त्याची ±३ डीबी ही अचूकताही स्रोत व ऐकणारा यांची सरासरी उंची ३० मीटरपर्यंत आणि अंतर १००० मीटरपर्यंत असतानाच सांगितलेली आहे. आपल्या उदाहरणात ती सरासरी उंची ५२ मीटर आहे. सूत्राच्या बाहेर जाऊन ते वापरायचे तर गुणांक सावधपणे निवडणे आलेच.

जी = ०.५ आणि कान ४ मीटरवर धरून जमिनीचा परिणाम असा येतो: ६३ हर्ट्‌झला −३.०, १२५ला +०.४, २५०ला −०.५, त्यापुढे −१.५. उणे म्हणजे परावर्तनाने आवाजात भर. सगळे वजा केल्यावर घरापाशी ६३ हर्ट्‌झला २०.८, १२५ला २४.२, २५०ला २८.६, ५००ला ३१.४, १०००ला २९.९, २०००ला २२.६ आणि ४०००ला उणे २. एकूण ३५.६ डीबी(ए). यावर अनिश्चिततेचे २ डीबी घातले की ३७.६.

आता जी = ० घेऊ, म्हणजे पूर्ण कडक जमीन, आणि वरची भर घालू नये. सर्व पट्ट्यांना −३, आणि एकूण ३७.५. दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी येतात. ब्रिटनच्या इन्स्टिट्यूट ऑफ अकूस्टिक्सच्या २०१३च्या मार्गदर्शिकेने हेच दोन पर्याय दिले आहेत: ०.५ आणि ४ मीटर, जाहीर अनिश्चिततेसह. नाहीतर ० आणि भर नाही. जर्मनीत २०१५पासून जी अंतरिम पद्धत आली, तिने तर उंच स्रोतांसाठी जमिनीचा परिणाम सरळ −३ डीबी धरायला सांगितला आहे.

आणि ३१ कसे निघतात? जी = १ घाला, कान १.५ मीटरवर आणा, भर सोडून द्या. २५० हर्ट्‌झला जमिनीची घट एकदम ७ डीबी होते, ५००ला ५, १२५ला ४.६. एकूण उत्तर ३१.४. शेतजमीन आहे, माणूस जमिनीवर उभा आहे, मग यात गैर काय, असे विचारतात. गैर हे की १.५ मीटर उंचीवर थेट आलेला आवाज आणि जमिनीवरून उसळलेला आवाज एकमेकांना खोडतात असे सूत्र मानते, आणि ही खोड वाऱ्याच्या खळबळीत, उंचसखल जमिनीवर आणि रोटरच्या पूर्ण उंचीभर पसरलेल्या स्रोतासाठी तशी टिकत नाही. शिवाय झोपायची खोली वरच्या मजल्यावर असू शकते. ब्रिटिश मार्गदर्शिकेत जी = १ वापरूच नये असे आहे, आणि माझेही मत तेच.

तेव्हा प्रश्नातल्या अहवालात जमिनीचा गुणांक आणि कानाची उंची पाहा. तिथे १ आणि १.५ दिसले तर कोडे सुटले.

अंतर दुप्पट, म्हणजे १६०० मीटर केले तर याच उदाहरणात ३५.६चे २७.९ होतात, ६ डीबी विस्ताराचे, उरलेले हवेतल्या शोषणाचे. पण शोषण वरच्या पट्ट्यांना जास्त खाते, म्हणून ६३ ते २५० हर्ट्‌झच्या पट्ट्यांचा ऊर्जेतला वाटा ३० टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर जातो. लांबून ऐकू येणारी घुमणारी गुरगुर ती हीच. दारे-खिडक्याही वरचे पट्टे अधिक अडवतात, त्यामुळे घरात हा वाटा आणखी वाढतो. डेन्मार्कने म्हणूनच १० ते १६० हर्ट्‌झसाठी घरातली वेगळी मर्यादा, २० डीबी, ठेवली आहे. कमी वारंवारतेचा प्रश्न असेल तर एकच ए-भारित आकडा पुरत नाही. तृतीयांश ऑक्टेव्हचा, म्हणजे प्रत्येक पट्ट्याचे तीन भाग पाडलेला, वर्णपट मागायचा. २० हर्ट्‌झखालचा इन्फ्रासाउंड मोजता येतो, पण वस्तीच्या अंतरावर तो ऐकण्याच्या उंबरठ्याच्या बराच खाली असतो. ज्याला लोक इन्फ्रासाउंड म्हणतात तो बहुतेक वेळा पात्यांचा लयीतला सूं-सूं आवाज असतो, आणि त्याबद्दल खाली सांगतो.

अनेक पवनचक्क्या असतील तर बेरीज ऊर्जेने. ८०० मीटरवर एकीऐवजी दोन असतील तर ३५.६चे ३८.६. लांबच्या यंत्रांना ‘तेवढ्या अंतरावरून काय येणार’ म्हणून गाळू नये: १६०० मीटरवरची एकच यंत्रणा ३५.६चे ३६.३ करते, पण तशा चार असतील तर ३७.९. शेजारच्या दुसऱ्या प्रकल्पाची, मंजूर पण अजून न उभारलेली यंत्रेही याच बेरजेत यायला हवीत. उलट, घर दोन गटांच्या मधोमध असेल तर दोन्ही गट एकाच वेळी वाऱ्याच्या वरच्या बाजूला नसतात. तिथे दिशेचा हिशेब करणे रास्त आहे, पण आधी सगळ्याच वाऱ्याखाली धरून उत्तर काढावे आणि मग काय सवलत घेतली ते वेगळे दाखवावे.

डोंगर आणि दरी

सपाट जमिनीवर वरचे गणित ठीक चालते. उंचसखल भागात दोन गोष्टी उलट दिशेने ओढतात.

पहिली, आडोसा. मानकात अडथळ्याची घट एका कडेसाठी २० डीबीपर्यंत मिळू शकते, आणि विंडप्रो, साउंडप्लॅन, कॅडना-ए यांसारखी सॉफ्टवेअरे भूपृष्ठाचा नकाशा घातला की ती आपोआप देऊन टाकतात. टेकडीमागच्या घराचा रंग नकाशावर अचानक हिरवा होतो. प्रत्यक्षात वाऱ्याखालच्या बाजूला ध्वनिकिरण वरून खाली वाकून टेकडीवरून उतरतात, आणि हब झाकला गेला तरी पात्याचे वरचे टोक दिसत राहते. म्हणून ब्रिटिश मार्गदर्शिकेत आडोशाची सवलत २ डीबीपेक्षा जास्त देत नाहीत, आणि तीही पात्याच्या टोकापासूनची दृष्टिरेषा तुटत असेल तरच. झाडोऱ्याची सवलत तर घेऊच नये.

दुसरी, दरी. पवनचक्की एका कड्यावर, घर समोरच्या उतारावर, मध्ये खोलगट भाग: आवाज जमिनीला फारसा न शिवता थेट जातो आणि वाकलेल्या पृष्ठभागावरून एकाहून जास्त परावर्तने घरापाशी येतात. इथे ३ डीबी वाढवायचे असतात. कसोटी अशी: हबपासून कानापर्यंत ओढलेल्या सरळ रेषेची जमिनीपासूनची सरासरी उंची काढायची. ती उंची, दोन्ही टोकांच्या आपापल्या जमिनीपासूनच्या उंचीतल्या फरकाच्या निम्म्याच्या दीडपट किंवा अधिक असेल तर भर घालायची. १०० आणि ४ मीटरसाठी सीमा ७२ मीटर. सपाट जमिनीवर ही सरासरी ५२ असते. हा छेद प्रत्येक घर-यंत्र जोडीसाठी वेगळा तपासावा लागतो. समोच्च रेषांचा नकाशा ५० मीटरच्या विरळ जाळ्यावर असेल तर कडा बोथट होते आणि कसोटी चुकीचे उत्तर देते.

पाणी मध्ये असेल तर जी = ०, आणि मोठ्या पाण्यावर लांब अंतराला विस्तारही गोलाकाराऐवजी दंडगोलाकार होऊ लागतो, म्हणजे अंतर दुप्पट झाल्यावर ६ऐवजी ३ डीबी घट. समुद्रातल्या प्रकल्पांना आयएसओ ९६१३-२ जसेच्या तसे लावू नये.

रात्र

तक्रारी रात्रीच्या असतात, आणि हिशेबात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते तेही रात्रीचेच. दिवसा ऊन जमीन तापवते, हवा वरखाली ढवळते, वरचा आणि खालचा वारा फारसा वेगळा राहत नाही. सूर्य मावळल्यावर जमिनीलगतची हवा थंड होऊन बसते आणि वरचा वारा तिच्यावरून घसरत जातो. १० मीटरवर ३ मीटर प्रति सेकंद वारा असेल, तर प्रमाणित गृहीतकाने हबवर ४.३ येतो, म्हणजे यंत्र जेमतेम फिरते. पण स्थिर रात्री, उंचीबरोबर वारा किती वाढतो ते सांगणारा घातांक ०.४ असला की हबवर ७.५ होतो. खाली पान हलत नाही, आणि वर यंत्र जवळजवळ पूर्ण आवाजात चालू असते. जी. पी. व्हॅन डेन बर्ग यांनी २००४ मध्ये नेदरलँड्स-जर्मनी सीमेवरच्या ऱ्हेड पवनक्षेत्राच्या मोजमापांतून हे दाखवले, आणि त्यानंतर १० मीटरच्या वेगावर आधारलेले सगळे जुने हिशेब शंकास्पद ठरले.

यातून दोन कामे निघतात. पार्श्वभूमीचा आवाज मोजताना त्याची सांगड हबच्या उंचीवरच्या वाऱ्याशी घालायची, आणि हा वारा मोजून घ्यायचा: उंच मास्टवर दोन उंचींवर वेगमापक, किंवा लायडार वा सोडार (लेसरने वा ध्वनीने वरचा वारा मोजणारी उपकरणे). १० मीटरच्या खांबावरून गुणाकार करून काढलेला वेग चालत नाही. दुसरे, दिवसाची आणि रात्रीची मोजमापे एकत्र करून एकच वक्र काढायचा नाही. तसे केले की रात्रीची शांतता दिवसाच्या आवाजात बुडते, आणि ‘पार्श्वभूमी अधिक ५’ (यंत्र नसतानाच्या आवाजापेक्षा ५ डीबी जास्त) अशी जिथे मर्यादा आहे तिथे ती मर्यादा खोटी उंचावते.

स्थिर हवेत किरणही खाली वाकतात. आयएसओचे सूत्र मुळात हीच स्थिती धरते: स्रोताकडून घराकडे ±४५ अंशांच्या आत वाहणारा मध्यम वारा, किंवा तितकाच परिणाम करणारा जमिनीलगतचा तापमान व्युत्क्रम (खाली थंड आणि वर उबदार हवा). म्हणून ‘रात्रीसाठी आणखी ५ डीबी घाला’ अशी मागणीही बरोबर नाही. प्रसाराचा भाग सूत्रात आलेला असतो, राहून जाते ते यंत्र रात्री किती जोरात चालू असते हे. वाऱ्याच्या वरच्या बाजूला किरण वर वाकतात आणि ध्वनिसावली पडते. तिथे घट १० डीबीच्या पुढे जाऊ शकते, पण स्रोत उंच असल्यामुळे ही सावली बऱ्याच लांबून सुरू होते. वर्षाची सरासरी काढायची असेल किंवा वाऱ्याच्या प्रत्येक दिशेचे उत्तर हवे असेल, तर नॉर्ड२००० सारखी किरणांचे वळण हिशेबात घेणारी पद्धत वापरावी. अवघड भूभागावर किंवा पाण्यावर पॅराबोलिक समीकरणाची पद्धत अधिक नेमकी ठरते, फक्त तिला हवेचा उभा छेद लागतो. तो छेद नसताना ती वापरणे म्हणजे अंदाजाला अचूकतेचा मुलामा देणे.

आकड्यात न येणारा आवाज

वरचे सगळे सरासरी पातळीबद्दल झाले. कानाला मात्र लय खुपते. मिनिटाला १२ फेऱ्या आणि तीन पाती म्हणजे मिनिटाला ३६ सूंकार, सेकंदाला ०.६. जवळ उभे राहिल्यावर हा चढउतार नेहमीच ऐकू येतो, कारण खाली येणाऱ्या पात्याचा आवाज पुढच्या दिशेला जास्त फेकला जातो. लांबवर कधीकधी तो जाड, ठोकल्यासारखा होतो. पात्याच्या फेरीत एखाद्या भागात हवा पृष्ठभाग सोडते, आणि वरखाली वाऱ्याच्या वेगात मोठा फरक असताना हे जास्त घडते. किती रात्री असे होईल हे आज आधी सांगता येत नाही. म्हणून परवानगीच्या अटींतच तो मोजण्याची पद्धत आणि उपाय (पात्यांचा कोन किंवा फेऱ्या बदलणे) लिहून घ्यावा. २०१६च्या इन्स्टिट्यूट ऑफ अकूस्टिक्सच्या पद्धतीत सिग्नल १० सेकंदांच्या तुकड्यांत तपासून १० मिनिटांचा एक आकडा देतात. ती वापरण्याजोगी आहे.

स्वरही तसाच. गिअरबॉक्स किंवा जनित्राचा ठराविक सूर पोलादी मनोऱ्यातून बाहेर पडतो आणि शंभर-दोनशे हर्ट्‌झचा असेल तर हवेत जवळपास विरत नाही. नवीन यंत्रात तो नसतो आणि बेअरिंग झिजल्यावर येतो, असेही होते. अचानक गुणगुण वाढली की आधी कंपन-नोंदी पाहाव्यात.

मर्यादांबद्दल थोडे, कारण उत्तर कशाशी ताडायचे हे कळायला हवे. जर्मनीत रात्रीसाठी निव्वळ निवासी भागात ३५, सर्वसाधारण निवासी भागात ४० आणि मिश्र वा ग्रामीण भागात ४५ डीबी(ए). डेन्मार्कमध्ये मोकळ्या भागातल्या घरांना ८ मीटर प्रति सेकंदाला ४४ आणि ६ला ४२. दाट वस्तीला ३९ आणि ३७. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या युरोपीय मार्गदर्शिकेत दिवस-संध्याकाळ-रात्र निर्देशांक (संध्याकाळच्या आणि रात्रीच्या आवाजाला जास्त भार देणारी सरासरी) ४५ आहे, पण तो निर्देशांक सततच्या आवाजासाठी साध्या पातळीपेक्षा ६.४ने जास्त निघतो. म्हणजे अखंड चालणाऱ्या यंत्राला सुमारे ३८.६ डीबी(ए). ब्रिटनमध्ये मोजमाप एलए९० (९० टक्के वेळ ओलांडली जाणारी पातळी) मध्ये करतात, आणि ते एलएईक्यूपेक्षा (ऊर्जेने काढलेल्या सरासरी पातळीपेक्षा) सुमारे २ डीबी खाली असते. दोन देशांचे आकडे शेजारी ठेवताना हे निर्देशांक आधी एका मापात आणा, नाहीतर तुलना निरर्थक होते.

यंत्र उभे राहिल्यावर अंदाज तपासायचा तर १० मिनिटांच्या नोंदी घ्याव्यात, मायक्रोफोन १.२ ते १.५ मीटरवर, भिंतींपासून दूर, दुहेरी वातरोधक आवरणासह. मायक्रोफोनजवळ वारा ५ मीटर प्रति सेकंदाच्या वर गेलेल्या आणि पावसाच्या नोंदी टाकून द्याव्यात. फक्त वाऱ्याखालच्या ±४५ अंशांतल्या नोंदी हबच्या वेगाप्रमाणे गटांत लावाव्यात. मायक्रोफोन खाली असल्यामुळे ४ मीटरच्या अंदाजाशी थेट ताडताना उंचीचा फरक लक्षात ठेवावा.

यंत्रे बंद ठेवून पार्श्वभूमी मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. चालू असताना ४० आणि बंद असताना ३६ असेल, तर यंत्राचा वाटा ३७.८. बंद असतानाच ३८ असेल तर वजाबाकी ३५.७ येते, पण फरक ३ डीबीपेक्षा कमी असल्याने तो आकडा वापरू नये. अधिक शांत रात्र गाठावी. बंद-चालू चाचणी एकाच रात्री, वीस-तीस मिनिटांच्या आलटून-पालटून टप्प्यांत घेतली तर वारा आणि पार्श्वभूमी फारशी बदलत नाही. त्यासाठी प्रकल्पचालकाच्या नियंत्रण कक्षाची यंत्रनिहाय नोंद लागते: प्रत्येक १० मिनिटांना वेग, शक्ती, फेऱ्या आणि चालनप्रकार. ही नोंद मिळण्याची अट परवानगीतच घालून घ्या. नंतर मागितली तर मिळायला महिने लागतात, आणि तिच्याशिवाय घरापाशी मोजलेल्या ४० डीबीचे काय करायचे हे कोणीच सांगू शकत नाही.